१२ मिमी टफन काच घेतली की ऊन, आवाज, सुरक्षितता सगळंच सुटतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून अकराव्या मजल्यावर घर, दिवाणखान्याला पश्चिमेकडे पार जमिनीपर्यंत येणारी स्लायडिंग खिडकी. दुपारी तीननंतर खोली तापते, रात्री डंपर-ट्रेलरच्या आवाजाने झोप मोडते, आणि तीन वर्षांची मुलगी सारखी त्या काचेवर हात आपटत असते. एक फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवून बसवणारा, म्हणतो १२ मिमी टफन (तापवून झपकन थंड करत मजबूत केलेली काच) टाका, विषय संपला. दुसरा डबल काच, म्हणजे मध्ये हवेची बंद पोकळी असलेली दोन काचांची जोडी, सुचवतो. तिसऱ्याचं म्हणणं, काच आहे तीच ठेवा, वर फिल्म लावू. कोणाचं ऐकायचं?

मी बरीच वर्षं काचेवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात होते आणि आता खिडक्यांच्या कामांवर सल्ला देते. माझ्या मते तुमची अडचण अशी आहे की प्रश्न तीन आहेत आणि तिघेही तुम्हाला एकेकच उत्तर विकताहेत. ऊन, आवाज आणि सुरक्षितता यांचा काचेच्या वेगवेगळ्या गुणांशी संबंध आहे. हे गुण काचेत कुठे आणि कसे येतात हे एकदा समजलं की कोटेशनमधला प्रत्येक शब्द तुम्हाला स्वतःला तपासता येईल. म्हणून थोडं मागून, काच बनते तिथून सुरुवात करते.

आज आपल्या खिडक्यांना लागणारी जवळपास सगळी काच फ्लोट पद्धतीने बनते. वाळू, सोडा अ‍ॅश, चुनखडी, डोलोमाइट आणि फुटक्या काचेचा चुरा भट्टीत १५०० अंश सेल्सिअसच्या वर वितळवतात. तो रस साधारण १००० ते ११०० अंशांना वितळलेल्या कथलाच्या उथळ, लांबलचक कुंडावर सोडतात. काच कथलापेक्षा हलकी असल्यामुळे वर तरंगते आणि आपोआप पसरते. खालची बाजू द्रव धातूवर टेकलेली, वरची बाजू मोकळी, म्हणून दोन्ही बाजू न घासता सपाट होतात. कथिलच का? तर ते २३२ अंशांना वितळतं, आणि काचेच्या तापमानालाही त्याची फारशी वाफ होत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने ते खराब होऊ नये म्हणून कुंडावर नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन भरलेला असतो. काच मोकळी सोडली तर तिची जाडी आपोआप सुमारे ७ मिमीवर स्थिरावते. ४ किंवा ५ मिमी हवी असेल तर कडेच्या दातेरी चाकांनी ती ताणून पातळ करतात. ६०० अंशांच्या आसपास ती कुंडातून बाहेर पडते, लांब बोगद्यासारख्या भट्टीतून सावकाश थंड होते आणि शेवटी कापली जाते. ही ओळ एकदा पेटली की दहा-पंधरा वर्षं रात्रंदिवस चालूच राहते.

इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्सच्या पिल्किंग्टन कंपनीत अ‍ॅलेस्टर पिल्किंग्टन यांनी ही पद्धत उभी केली आणि १९५९ मध्ये ती जाहीर झाली. त्याआधी काचेचा पत्रा वितळलेल्या रसातून वर ओढून काढत. त्यामुळे जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या तावदानांतून पाहिलं तर समोरचा विजेचा खांब थोडा नागमोडी दिसतो. अशी तावदानं अजून शाबूत असतील तर कृपा करून फेकू नका, आता ती नवी सहजासहजी मिळत नाहीत. गोव्यात तर काच परवडत नव्हती तेव्हा खिडकीच्या झडपांत अर्धपारदर्शक चपटे शिंपले बसवत. त्यातून येणारा मऊ उजेड पुढे कुठल्याच दुधी काचेला जमलेला मी पाहिला नाही. आपल्या जवळ म्हणाल तर तळोजा औद्योगिक वसाहतीत फ्लोट काचेचा मोठा कारखाना आहे. पनवेलच्या बाजूला जाताना काचेचे उभे स्टँड लादलेले ट्रेलर दिसतात ते बहुधा तिथलेच.

इथवर जी काच तयार झाली ती साधी काच. बाजारात तिला 'प्लेन' किंवा 'अ‍ॅनील्ड' म्हणतात. तिचे ताण सावकाश थंड करून काढून टाकलेले असतात, म्हणूनच हिरकणीने रेघ मारून ती कापता येते. फुटली की तिचे लांब, टोकदार सुळे निघतात, आणि जमिनीपर्यंतच्या खिडकीत ती एकेरी वापरू नये ते त्यामुळेच. तुमच्या घरात बिल्डरने कुठली काच बसवली आहे हे आधी बघा. प्रत्येक तावदानाच्या एका कोपऱ्यात पुसता न येणारा छोटा शिक्का आहे का? टफन काचेवर तो असायला हवा. शिक्का नसेल तर साधीच काच आहे असं धरून चाला, आणि नवी काच येईपर्यंत निदान मुलीच्या उंचीपर्यंत आतून सेफ्टी फिल्म लावून घ्या. ही फिल्म रंगहीन असते आणि फुटलेले तुकडे धरून ठेवते. फिल्मवाला सांगतोय ती उन्हाची फिल्म वेगळी, तिच्याबद्दल पुढे.

आता टफन. हीच साधी काच हव्या त्या मापाला कापतात, कडा घासतात, भोकं पाडतात आणि धुतात. हे सगळं आधीच उरकावं लागतं, कारण टफन झाल्यावर तिला कापता येत नाही. मग सिरॅमिकच्या रोलर्सवरून पुढेमागे करत ती ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवतात आणि बाहेर आल्या आल्या दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत मारतात. त्या पंख्यांचा आवाज एवढा असतो की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. पृष्ठभाग काही सेकंदांत थिजतो, आतला गाभा मागाहून थंड होत आकसू पाहतो आणि पृष्ठभागाला दाबाखाली ओढून ठेवतो. काच फुटते ती पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यापासून. तो ओरखडा उघडायला आधी हा दाब मोडावा लागतो, म्हणून टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट मार सोसते. फुटलीच तर साठलेला ताण एकदम सुटतो आणि तिचे बोथट बारीक तुकडे होतात.

पण टफन करण्याने काय बदलत नाही हे फार कमी लोक सांगतात. काच ताठ होत नाही. वाऱ्याच्या दाबाखाली ५ मिमी टफन तेवढीच लवते जेवढी ५ मिमी साधी लवते, कारण लवणं जाडीवर अवलंबून आहे. ऊन अडत नाही, आवाजही अडत नाही. टफनवर तुम्ही जो जादा पैसा देता तो फक्त ताकदीचा आणि फुटण्याच्या पद्धतीचा.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या मजल्याला फार लागू पडते. काचेच्या रसात क्वचित निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण राहून जातो. टफन करताना काच झपकन थंड होते तेव्हा हा कण त्याच्या गरम अवस्थेतल्या रूपात अडकतो. पुढे काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी तो थंड अवस्थेतलं रूप घेतो आणि किंचित फुगतो. तो ताणाखालच्या गाभ्यात असेल तर कोणी हात न लावता अख्खं तावदान फुटतं. अशा काचेचे तुकडे जागेवर राहिले असतील तर जिथून फूट सुरू झाली तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे शेजारीशेजारी सापडतात आणि त्यांच्या मधल्या रेषेवर एक टिंब असतं. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की खोलीत कोणी नव्हतं, आणि ते खरं असतं. यावरचा उपाय म्हणजे हीट सोक चाचणी. टफन झालेल्या काचा भट्टीत पुन्हा २६० ते २९० अंशांपर्यंत तापवून काही तास ठेवतात. ज्या फुटायच्या त्या तिथेच फुटतात. धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. अकराव्या मजल्यावरून टफनचे तुकडे खाली पडतात तेव्हा ते सुटे पडतीलच असं नाही, मूठभर ढेकळं एकत्र पडतात, आणि खाली सोसायटीची मुलं खेळत असतात. म्हणून उंचावरच्या बाहेरच्या खिडकीत एकेरी टफन मला पटत नाही, मग ती ६ मिमी असो की १२.

टफनचाच एक मवाळ भाऊ आहे, हीट स्ट्रेंदन्ड. तापवणं तेच, थंड करणं जरा सावकाश. ताकद साधीच्या सुमारे दुप्पट, फुटते साधीसारखी मोठ्या तुकड्यांत. एकेरी वापरली तर ती सुरक्षित काच धरत नाहीत, पण लॅमिनेटच्या आत ती फार उपयोगी पडते.

लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर. तो ०.३८ मिमीच्या पटीत येतो: ०.३८, ०.७६, १.१४, १.५२. धूळ आणि दमट हवा यांना मज्जाव असलेल्या खोलीत हा थर अंथरतात, वर दुसरी काच ठेवतात, रोलरखालून दाबून हवा काढतात. या टप्प्यावर ती दुधी दिसते. मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब देणाऱ्या बंद भट्टीत, सुमारे १४० अंश तापमान आणि वातावरणाच्या बारा-चौदा पट दाब देतात, की आतली उरलीसुरली हवा विरघळून ती पूर्ण पारदर्शक होते. दगड बसला तरी तडे जातात पण काच चौकटीतच राहते. तुमची मुलगी त्यावर आदळली आणि काच तडकली तरी आरपार भोक पडण्याचा आणि मोठा सुळा सुटण्याचा धोका फार कमी. शिवाय पीव्हीबी अतिनील किरण ९९ टक्क्यांच्या वर अडवतो. सोफ्याचं कापड आणि पडदे विटायला हे किरण मोठं कारण असतात.

लॅमिनेट करताना दोन्ही काचा टफनच हव्यात असा आग्रह बरेच जण धरतात. मोठ्या खिडकीत मी तो धरत नाही. दोन्ही टफन थर फुटले तर सगळं बारीक तुकड्यांचं होतं, पत्रा लुळा पडतो आणि चौकटीतून निसटू शकतो. साध्या किंवा हीट स्ट्रेंदन्ड काचेचं लॅमिनेट फुटल्यावरही मोठ्या तुकड्यांच्या जोरावर ताठ उभं राहतं, बदलायला दोन दिवस मिळतात. ज्याला चौकटीचा आधार कमी आहे आणि भोकं पाडून पकडायचंय, उदाहरणार्थ बाल्कनीचं काचेचं रेलिंग, तिथे टफन लॅमिनेट आणि ताठ जातीचा इंटरलेअर, म्हणजे मधला थर, हेच बरोबर.

एक सावधगिरी. छोट्या कारखान्यांत ऑटोक्लेव्ह नसतो, तिथे ईव्हीए नावाचा थर निर्वात भट्टीत वितळवून लॅमिनेट करतात. आतल्या पार्टिशनला किंवा शोभेच्या काचेला ते चालतं, आणि नीट केलेलं ईव्हीए वाईटही नसतं. पण पश्चिमेचं ऊन आणि आपला चार महिन्यांचा पाऊस असलेल्या खिडकीला मी ऑटोक्लेव्हमधलं पीव्हीबीच मागते. लॅमिनेटचा शत्रू पाणी आहे. चौकटीच्या खाचेत पाणी साचून राहिलं की कडेने थर सुटायला लागतो आणि काचेच्या काठावर पांढुरके बुडबुडे दिसतात. म्हणून काच रबरी ठोकळ्यांवर उचलून बसवायची आणि खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं हवीतच. सिलिकॉनही 'न्यूट्रल' प्रकारचंच हवं. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा उग्र वास आला तर ते अ‍ॅसिटिक सिलिकॉन आहे. स्वस्त मिळतं म्हणून सर्रास वापरतात, पण पीव्हीबीच्या आणि डबल काचेच्या कडा ते खराब करतं.

आता आवाज, जिथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. सर्वसाधारण प्रमाणित आकड्यांत ६ मिमी साधी काच सुमारे ३१ डेसिबल अडवते, १२ मिमी सुमारे ३४. जाडी दुप्पट केली, वजन दुप्पट झालं, हाती आले तीन डेसिबल, आणि तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. प्रत्येक जाडीच्या काचेची एक ठराविक वारंवारता असते जिच्यावर ती आवाजाबरोबर स्वतः थरथरते आणि तो सहज आत सोडते. ६ मिमीची ती २००० हर्ट्‌झच्या आसपास, १२ मिमीची १००० च्या आसपास. म्हणजे जाड काचेचं हे कमकुवत ठिकाण टायरच्या घरघरीच्या आणि माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात आणखी आत सरकतं. लॅमिनेटमधला मऊ थर ही थरथर शोषून घेतो. दोन ४ मिमी काचांत ध्वनीसाठी बनवलेला ०.७६ मिमी पीव्हीबी घातला तर आकडा ३७ च्या आसपास जातो, म्हणजे १२ मिमी एकेरी काचेपेक्षा कमी वजनात जास्त आवाज अडतो.

आणि डबल काच? ६ मिमी, मध्ये १२ मिमी हवा, पुन्हा ६ मिमी, अशी सरसकट विकली जाणारी जोडी आवाजाला जवळपास एकेरी ६ मिमीएवढीच अडवते. दोन्ही काचा सारख्या असल्या की दोघींचं कमकुवत ठिकाण एकाच वारंवारतेवर येतं, आणि मधली हवा स्प्रिंगचं काम करून डंपरचा खालचा घुमणारा आवाज उलट पुढे ढकलते. डबल काच आवाजासाठी घ्यायचीच असेल तर एक बाजू जाड, दुसरी लॅमिनेटेड, अशी विषम घ्यावी.

पण या सगळ्याच्या आधी तुमच्या खिडकीची चौकट बघा. स्लायडिंग शटरच्या कडेला केसाळ पट्टी असते, ती हवा सोडते, आणि जिथून हवा येते तिथून आवाज येतो. फट बारीक असली तरी ती चांगल्या काचेची सगळी कमाई घालवते. घरच्या घरी बघायचं असेल तर वाऱ्याच्या संध्याकाळी खिडकी बंद करून पंखे बंद ठेवा आणि पेटवलेली उदबत्ती शटरच्या सांध्यावरून, विशेषतः दोन शटर जिथे एकमेकांवर येतात तिथून आणि खालच्या ट्रॅकच्या कोपऱ्यांतून, सावकाश फिरवा. धूर जिथे एकदम आत वळतो तिथून ट्रकही आत येतोय. दारासारखी उघडणारी, चारही बाजूंनी रबरी गास्केटवर दाबून बंद होणारी खिडकी स्लायडिंगपेक्षा आवाजाला कितीतरी चांगली. स्लायडिंगच हवी असेल तर बंद करताना शटर गास्केटवर दाबणारे प्रकार मिळतात, महाग आहेत.

उन्हाचं गणित वेगळं आहे. ६ मिमी पारदर्शक काच तिच्यावर पडणाऱ्या सौर उष्णतेपैकी साधारण ८२ टक्के आत सोडते. साधी डबल काच केली तर ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पश्चिमेच्या उन्हाला नुसती डबल काच फारसं काही करत नाही. तिचा उपयोग आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक टिकवायला, म्हणून एसी दिवसभर चालणाऱ्या ऑफिसात आणि थंड प्रदेशात ती जास्त कामाची. ऊन अडवायला काचेवर लेप हवा. लेप दोन तऱ्हेचे. एक फ्लोटच्या ओळीवरच, काच गरम असताना चढवलेला, काचेत मुरलेला. त्याला हार्ड कोट म्हणतात आणि तो एकेरी काचेवरही टिकतो. दुसरा निर्वात कक्षात चांदीचे काही नॅनोमीटरचे थर चढवून केलेला सॉफ्ट कोट. त्याचं काम अप्रतिम, उजेड बराच आत आणि उष्णता थोडी. पण हवेत उघडा राहिला तर खराब होतो, म्हणून तो बंदिस्त डबल काचेच्या आतल्या बाजूलाच असायला हवा. असा चांगला सौर-नियंत्रक लेप असलेली डबल काच उष्णतेचा आकडा २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत आणते. कोटेशनमध्ये हा आकडा एसएचजीसी म्हणून दशांशात लिहिलेला असतो, ०.२८ वगैरे. जितका लहान तितकी खोली थंड. शेजारी व्हीएलटी म्हणजे उजेडाचा आकडा बघा. तो ३० टक्क्यांच्या खाली गेला तर पावसाळ्यात दुपारी दिवे लावावे लागतात, आणि समुद्राकडचं आकाश बघायला घेतलेल्या घरात ते फार खटकतं.

रंगीत काच, म्हणजे रसातच लोह किंवा कोबाल्ट वगैरे मिसळून केलेली हिरवी, निळी, ब्राँझ, ऊन शोषून घेते आणि स्वतः तापते. तापलेल्या काचेची काही उष्णता आतच येते. शिवाय मधला भाग तापलेला आणि चौकटीत दबलेली कड थंड, असा फरक झाला की टफन न केलेली रंगीत काच कडेपासून तडकते. हा तडा ओळखता येतो, तो कडेला काटकोनात सुरू होतो आणि मग वळतो. काळी फिल्म आतून लावल्यावरही हेच होऊ शकतं. चांगल्या कंपनीची उष्णता-नियंत्रक फिल्म उपयोगी असते, भाड्याच्या घरात मी स्वतः सुचवते, पण आधी काच कुठल्या जातीची आहे हे बघून.

पश्चिमेबद्दल मनापासूनचं मत विचाराल तर काचेच्या बाहेरची सावली हा सगळ्यात चांगला उपाय. काचेवर पडलंच नाही ते ऊन अडवावं लागत नाही. संध्याकाळचं ऊन तिरकं, जवळजवळ आडवं येतं, त्यामुळे वरचा छज्जा कामाचा नाही, उभी झडप किंवा बाहेरून सोडायचा पडदा लागतो. अकराव्या मजल्यावर वाऱ्यामुळे आणि सोसायटीच्या नियमांमुळे ते नेहमी जमत नाही हे मान्य. तुमच्या खिडकीबाहेर बाल्कनी असेल तर चिकाच्या पडद्याने जेवढा फरक पडेल तेवढा हजारो रुपयांच्या काचेने पडणार नाही.

डबल काच घेतलीत तर तिच्या कडेकडे लक्ष द्या. दोन काचांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिच्यात ओलावा शोषणारे दाणे. पट्टी आणि काच यांच्यात ब्युटाइलची काळी रेघ, आणि तिच्या बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा दुसरा बंद. ब्युटाइलची रेघ कुठे तुटलेली दिसली तर ते तावदान परत पाठवा. त्यातून दमट हवा जाते, दाणे भरतात आणि दोन-चार पावसाळ्यांत आतून धुकं धरतं. ते पुसता येत नाही, तावदानच बदलावं लागतं. एसी चालू असताना पावसाळ्यात काचेच्या बाहेरून जे दव दिसतं ते मात्र बिघाड नव्हे. लेप खरोखर आहे का हे बघायला रात्री काचेसमोर लायटर धरा. चार प्रतिबिंबं दिसतील, लेपाच्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं, बहुधा लालसर किंवा जांभळट दिसेल. चारही सारखी असतील तर लेप नाही.

जाडी किती हे काही मी इथून सांगणार नाही, कारण ते तावदानाच्या मापावर आणि वाऱ्यावर ठरतं. वाऱ्याच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे आणि पुण्यासाठी ३९. ४४ चा दाब मूळ हिशेबात दर चौरस मीटरला ११५-१२० किलो भरतो, त्यात उंची आणि परिसराचे गुणक. फॅब्रिकेटरकडून हा हिशेब लेखी मागा. वजनाचा अंदाज मात्र तुम्हालाच करता येईल: १ मिमी जाडी म्हणजे चौरस मीटरला अडीच किलो. १.२ बाय २.१ मीटरचं शटर १२ मिमीत पंचाहत्तर किलोंचं होतं, ४ अधिक ४ लॅमिनेटमध्ये पन्नास-बावन्नचं, आणि ६ मिमी बाहेर व लॅमिनेट आत अशा डबल काचेत नव्वदच्या आसपास. हे सगळं शटरखालच्या चाकांवर येतं. बिल्डरच्या जुन्या हलक्या सेक्शनमध्ये, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांत, जाड काच कोंबली की वर्षभरात शटर सरकेनासं होतं.

तर तुमच्या बाबतीत माझा क्रम असा राहील. चौकट बदलायचं बजेट आणि सोसायटीची परवानगी असेल, तर खिडकीचे भाग करा. मोठा भाग बंद तावदानाचा, बाजूला गास्केटवर दाबून बंद होणारी दारासारखी झडप. काच डबल: बाहेर सौर-नियंत्रक सॉफ्ट कोट असलेली ६ मिमी हीट स्ट्रेंदन्ड, लेप आतल्या पोकळीकडे, आणि आत ४ अधिक ४ मिमीचं ध्वनीचं पीव्हीबी घातलेलं लॅमिनेट. बाहेरची काच अधांतरी आहे म्हणून ती टफन करायची असेल तर हीट सोक केलेलीच, आणि जमलं तर तीही लॅमिनेट. बजेट त्याहून कमी असेल तर चौकट हीच प्राथमिकता: चांगल्या गास्केटची चौकट, एकेरी ध्वनी-लॅमिनेट, आणि उन्हासाठी बाहेरचा पडदा. चौकटीला हातच लावता येत नसेल आणि भिंतीची जाडी साथ देत असेल, तर आहे ती खिडकी ठेवून आतल्या बाजूला किमान १०० मिमी अंतर सोडून दुसरी गास्केटची खिडकी बसवा. डंपरच्या घुमणाऱ्या आवाजाला हे मोठं अंतर कारखान्यातल्या १२ मिमी पोकळीपेक्षा फार जास्त कामी येतं. उन्हाचं त्यात फार काही होणार नाही, हे आधीच सांगते. आणि या कुठल्याही पर्यायात मुलीसाठी उघडणाऱ्या झडपेला मर्यादित उघडणारी कडी आणि आतून रेलिंग हवंच. लॅमिनेट आदळलेल्या मुलाला जखमेपासून वाचवतं, उघड्या खिडकीपासून नाही.

कोटेशनमध्ये "टफन ग्लास, डीजीयू" (डीजीयू म्हणजे डबल काच) एवढंच लिहिलेलं मान्य करू नका. प्रत्येक थराची जाडी आणि जात, थरांचा क्रम बाहेरून आत, इंटरलेअरचं नाव आणि जाडी, लेप कुठल्या पृष्ठभागावर, एसएचजीसी आणि व्हीएलटी, हीट सोक आहे की नाही, सिलिकॉन न्यूट्रल, हे सगळं लिहून घ्या. सुरक्षित काचेवर आयएस २५५३ चा शिक्का हवा, आणि तो काच बसल्यावरही दिसेल अशा कोपऱ्यात हवा. काचा साईटवर आल्या की त्या पावसात एकमेकींना चिकटून उभ्या ठेवू देऊ नका, मध्ये अडकलेल्या पाण्याने काचेतला सोडा निघतो आणि इंद्रधनुषी डाग कायमचा बसतो. प्लास्टरचं काम बाकी असेल तर काच त्यानंतरच लावा. सिमेंटचे शिंतोडे वाळले की ते काचेला खातात, आणि नंतर ब्लेडने खरवडलं की टफन काचेवर ओरखडे उमटतात. तावदानाचं माप, खिडकीच्या आतून-बाहेरून घेतलेले फोटो आणि ट्रॅकच्या सेक्शनची रुंदी इथे टाकलीत तर जाडीबद्दल आणि चाकांबद्दल अधिक नेमकं सांगू शकेन.